बिनहाताची खुर्ची

दिग्रसच्या बाजारात मी खुर्ची घ्यायला गेलो होतो. दुसरं काही काम नव्हतं. हंसाबाईच्या शिवणखोलीत सगळं जमलं होतं, खुर्ची तेवढी राहिली होती. मशीनपुढे ती तेलाचा रिकामा डबा उलटा टाकून त्यावर बसायची. "भिया, एक चांगली खुर्ची भेटली का आपली खोली पुरी झाली," म्हणायची. माघात तिला ताप भरला आणि होळीच्या आत ती गेली.

हंसाबाई माझी मोठी बहीण. आम्ही बंजारा. आमच्यात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, भावाला भिया आणि आईला याडी. याडी गेली तेव्हा मी रांगत होतो. बाईला घाटंजीकडच्या तांड्यात दिलेलं होतं. नवरा वारला तेव्हा सासरी दिराच्या ओट्यावर पडून राहणं तिनं पत्करलं नाही. सुईदोऱ्याची पिशवी घेऊन परत आली आणि तिनं मला वाढवलं. तिसरीत मी मास्तरला पाटी फेकून मारली आणि शाळा सुटली. तेव्हा ती रागावली नाही. म्हणाली, "बरं झालं, आता सुईत दोरा ओवायले मले माणूस भेटला."

महाराष्ट्र झाला त्या वर्षी आम्ही घराच्या कुडाला लागून ती खोली उभी केली. तिथलं काहीच नवीन नव्हतं. दार एका पडलेल्या जिनिंगच्या कचेरीचं, हिरव्या रंगाचं. खिडकी कुठल्याशा साहेबाच्या बंगल्याची. तिच्यात लाल आणि पिवळी काच होती. दुपारी त्या काचेतून ऊन आलं की शेणानं सारवलेल्या जमिनीवर रंगीत चौकोन पडायचे आणि बाई कापडाचे तुकडे त्या चौकोनांत मांडून रंग जुळवायची. कापसाच्या गाठींना बांधायच्या लोखंडी पट्ट्या वाकवून मी तिला खुंट्या करून दिल्या. चहाच्या डब्यांत आरसे, कवड्या, मणी. फुटक्या ग्रामोफोनचा कर्णा उलटा टांगून तिनं कंदिलाला टोपी केली होती. भिंतीवर आमच्या आज्याची बैलावर लादायची गोणी. तांड्यातल्या बाया काचळी, म्हणजे आमची आरशांची चोळी, शिवायच्या निमित्तानं यायच्या आणि दिवेलागणीपर्यंत हलायच्या नाहीत. तेवढं गार, तेवढं हसतं घर आमच्या तांड्यात दुसरं नव्हतं.

जुनी वस्तू आणली की बाईचा एक नेम असे. तांड्याच्या शिवेवर दगड आहे, तिथं ती थांबायची. वस्तू खाली ठेवायची, एक कवडी दगडापाशी टाकायची आणि म्हणायची, "जिची होती तिनं इथंच बसावं. माल आमचा, वाट तुमची." आमचे वाडवडील दुसऱ्यांचा माल बैलांवर लादून मुलुखभर फिरायचे. मालाच्या मागं धनी चालत येतो, जिता असो का मेलेला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तळावर माल आणायच्या आधी धन्याला शिवेवर बसवायचं.

तर, खुर्ची. रहमतचाचाच्या जुन्या सामानाच्या ढिगाऱ्यात ती मला लांबूनच दिसली. ठेंगणी, बिनहाताची, वेताची बैठक अजून ताठ. शिवायला बसणाऱ्या बाईसाठीच कोणी घडवली असावी.

"ले जा बेटा," चाचा म्हणाले. "पण एक बात ऐकून घे. ही मारेगावकडच्या एका बाईची हाय. ती बाई..."

"चाचा, मले खुर्ची पायजे, कहाणी नोको."

"तुही बहीण तं पहिले पुसायची, कोणाच्या घरची हाय म्हणून."

"बहीण गेली ना चाचा!"

मी फारच मोठ्यानं बोललो. चाचांनी स्वतः खुर्चीला दोरी बांधून माझ्या पाठीवर दिली.

शिवेवरचा दगड मी पाहिला. पण डोळे भरलेले होते, ऊन रणरणत होतं, आणि मला ती खुर्ची एकदाची मशीनपुढे ठेवायची होती. थांबलो नाही.

खुर्ची ठेवली. खोली पुरी झाली. मी बाहेरून कडी घातली आणि ओट्यावर बसून रडलो.

समोरच्या भुरीबाईनं ते पाहिलं. ती बाईची मैत्रीण, तोंडानं तिखट.

"काहून रे धावज्या, बंद खोलीची राखण करून राह्यला? मशीन अंडी देते का?"

"बाईची खोली हाय ते."

"होती, बापा. तिच्या हातच्या काचळ्या अर्ध्या पडल्या हायेत. लगीनघरचे लोकं माह्या दारात येऊन बसते. मले बसू दे तिथं. चार बाया येतील, घर बोलतं राहीन."

"तिथं कोणी बसणार न्हाई."

"मंग कोण बसन? तू घागरा नेसून बसतं का?"

मी उठून आत गेलो. खरं सांगायचं तर मी बाईची वाट पाहत होतो. मेलेलं माणूस आपल्या आवडीच्या जागी येतं, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. तिला खुर्ची हवी होती. आता होती. मग ती का येणार नाही?

आमच्याकडे वैशाखातली दुपार रात्रीपेक्षा वाईट. तांड्यात कुत्रंसुद्धा हलत नाही. दारं लावून माणसं आडवी होतात आणि घरात अंधार होतो. अशाच एका दुपारी मी पडलो होतो. कुडापलीकडून आवाज आला. खड खड खड... थांबला. पुन्हा खड खड खड. हातमशीनचं चाक. लिंबाच्या मोहराचा वास दिवसभर होताच, त्यात आता मशीनच्या तेलाचा वास मिसळला, आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा.

मी भ्यालो नाही. मी हसलो. तोंडावर हात दाबून हसलो, आवाजानं ती उठून जाऊ नये म्हणून.

ऊन उतरल्यावर कडी काढली. आत कोणी नव्हतं. मशीनवर बाईची अर्धी काचळी होती, तिच्यावर आरशांची एक नवी ओळ आली होती.

मग रोज दुपारी चाक फिरू लागलं. मी कुडाला टेकून बसायचो आणि बोलायचो. बकरी व्याली म्हणून सांगायचो. भुरीबाई काय बोलली ते सांगायचो. तिकडून शब्द येत नसे, पण मी बोलू लागलो की चाक हळू होई, ऐकत असल्यासारखं. बाई गेल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवलो.

एक दिवस काचळी पुरी झाली. मी ती नाचवत भुरीबाईकडे नेली. "पाह्य! बाईनं पुरी केली!"

भुरीबाईनं ती उजेडात धरली. उलटी केली, मागचे टाके पाहिले. तिच्या चेहऱ्यावरची थट्टा उतरत गेली.

"धावजी... बाई डावखुरी होती रे."

"मंग?"

"तिचा टाका डावीकडं झुकते. हे वरचं तिचं हाय. हे खालचं पाह्य. समदं उजवीकडं." तिनं काचळी माझ्या हातात परत कोंबली. "हा हात तिचा न्हाई. खुर्ची आणताना शिवेवर थांबला होता का?"

मी काचळीची घडी घालू लागलो.

"आणि पाठीवर काय हाय तुह्या? वळ."

मी वळलो. माझ्या सदऱ्यावर, पाठीला, शिंपी मारतो तशा खडूच्या रेघा होत्या. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत एक. मानेपासून कमरेपर्यंत एक.

मी तसाच दिग्रसला धावत गेलो. रहमतचाचा दुकानासमोर पाणी शिंपडत होते. मला पाहून म्हणाले, "आता ऐकतं का कहाणी?"

ऐकली. शमसुन्निसा नावाची बाई होती. लोकांचे कपडे शिवून पोट भरायची. तिचा एकुलता पोरगा बाजारात गेला तो परत आला नाही. मेला का कोणी नेला, कळलं नाही. ती दरवर्षी ईदला त्याच्यासाठी एक सदरा शिवायची. अंदाजानं. दरवर्षी थोडा मोठा.

"मेली तवा पेटीभर सदरे निघाले," चाचा म्हणाले. "लहान्यापासून बाप्या माणसाच्या मापापर्यंत. एकही घातलेला न्हाई. माही घरवाली जोहराबी म्हणे, ते खुर्ची घरात घेऊ नका. म्हणून भायेर ढिगाऱ्यात ठेवली होती. वापस आणून दे बेटा."

घरी आलो तर मशीनवर कोरा सदरा घडी करून ठेवलेला होता. अस्तरासाठी बाईनं आणलेलं मांजरपाट फाडून शिवलेला. खांद्याला, हाताला, मला अगदी नेमका.

"आंधळ्या, तिले तिचा पोरगा भेटला," भुरीबाई म्हणाली. "उचल खुर्ची. आत्ताच."

आम्ही दोघांनी ती शिवेवर नेली. भुरीबाईनं कवडी टाकली, बाईचे शब्द म्हटले. मला म्हणाली, "मागं पाहू नोको. सकाळी चाचाच्या इथं पोचवून दे. आणि उद्यापासून मी बसते खोलीत. तुह्या बाईलेही बरं वाटन."

मी हो म्हटलं.

घरी आलो. दिवेलागणीची वेळ. कर्ण्याखाली कंदील लावला, खोलीत बसलो. खुंट्या जागच्या जागी. डबे जागच्या जागी. कुठं काही वाजेना. मी मोठ्यानं म्हटलं, "बाई, बकरीचं पिल्लू आता उड्या मारते." काहीच नाही. बाई गेली तेव्हा घरात माणसं होती, रडणं होतं, कफनासाठी मांजरपाट फाडल्याचा आवाज होता, धूर होता. ती खरी गेली ती त्या संध्याकाळी. जगात मला ऐकणारं कोणी उरलं नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी पळत शिवेवर गेलो. खुर्ची डोक्यावर घेतली आणि घरी आणली. भुरीबाई ओट्यावरून ओरडली, "धावज्या, येडा झाला का रे? ते तुही बाई न्हाई!"

"मले मालूम हाय!" मी ओरडलो. "पण कोणी तं हाय ना!"

त्यानंतर भुरीबाई माझ्याशी बोलली नाही. लगीनघरच्या काचळ्या तिच्याच ओट्यावर शिवल्या जाऊ लागल्या, बायाही तिकडेच बसू लागल्या. त्यांचं हसणं मला इकडे ऐकू येतं.

मी आता दुपारी खोलीतच निजतो. डोळे मिटून पडायचं. काचेतले रंग पापण्यांवरून सरकत जातात. मग खळीचा वास जवळ येतो आणि खांद्यावर दोऱ्याचं टोक टेकतं. खांद्यापासून मनगटापर्यंत दोरा ताणला जातो, तिथं गाठ पडते. बोटं थंड असतात, पण घाई नसते त्यांना. मला लहानपणी कोणी असं मापलं असेल तर ती बाईच. मी हात सरळ धरून ठेवतो. एक सदरा झाला, दुसरा झाला. मी ते घालतो. घट्ट नाहीत, ढिले नाहीत. बाजारात लोक विचारतात, कोणी शिवला? मी सांगतो, घरी.

आज दुपारीही वास आला. मी खांदा थोडा वर केला, पण दोरा खांद्यावर टेकलाच नाही. टेकला तो माझ्या टाळूवर. तिथं एक थंड बोट त्याचं टोक दाबून धरत होतं. दोरा कपाळावरून, छातीवरून, पोटावरून, गुडघ्यांवरून सावकाश खाली गेला आणि टाचेशी थांबला. तिथं गाठ पडली. मग मांजरपाट फाडल्याचा आवाज आला, लांब, एका दमात.

डोळे उघडले तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. आता कंदील लावून तिच्या खुर्चीसमोर बसलोय. मशीन चालू आहे.

इतकी वर्षं बाईच्या सुईत दोरा ओवलाय मी. सदऱ्याला डोक्यापासून टाचेपर्यंतचं माप लागत नाही.