यंत्राला नेसवलेले वस्त्र

"रुग्णालयाचे शुद्धीकरण यंत्र उद्घाटनापासून क्षणभरही थांबलेले नाही, सबब सांडपाण्याच्या नमुन्यात आढळलेले प्रतिजैविक कर्मचारी कोमांग दार्सा याने स्वतः मिसळले आहे."

बालीच्या प्रदूषण तपास अधिकारी सुआस्तिनीबाई, तिथल्या भाषेत इबू सुआस्तिनी, यांना रुग्णालय व्यवस्थापनाच्या या निवेदनातला 'सबब' विशेष आवडला. असत्याला तर्काचा पोशाख चढवण्याची इतकी हौस क्वचितच दिसते. यंत्र खरोखर चालू असेल, तर ओझोन आणि पेरॉक्साइड मिळून सांडपाण्यातली औषधे फोडून टाकतात. मग नमुना घेऊन तक्रार करणारा कोमांग खोटा ठरतो, आणि दुपारी पोलीस त्याला नेणार होते. मात्र यंत्र बंद असेल, तर रुग्णालयाची औषधे राजरोस खालच्या भातखाचरांत आणि गावाच्या स्नानकुंडात उतरत होती.

"ऐका, इबू, कसं घुमतंय!" व्यवस्थापक विराता यांनी यंत्राच्या पोलादी पाठीवर थाप मारली. "आणि ह्या शहाण्याला म्हणे औषध सापडलं!"

"पंखाही घुमतोच की, बापाक," कोमांग म्हणाला.

"गप रे! खाल्ल्या ताटात घाण करतोस वर तोंड चालवतोस?"

"यंत्राची किल्ली कोणाकडे असते?" सुआस्तिनींनी विचारले.

"माझ्याकडे. विजेचा कारभार, पोरांच्या हाती कसा द्यायचा?"

खोलीत चाफ्याचा आणि उदबत्तीचा वास होता. दुसरा कसलाच नाही. वायू बाहेर सोडणाऱ्या नळाला काळ्यापांढऱ्या चौकडीचे पवित्र वस्त्र नेसवलेले होते. वर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळलेली. घड्यांत धूळ साचली होती.

"हे कधी बांधलं?"

"गेल्या यंत्रपूजेला, तुंपेक लांदेपच्या दिवशी. झाले पाच महिने. पुजाऱ्यांनी मंत्रून दिलंय, तेव्हापासून कुणी बोटही लावलेलं नाही. अहो, हात नका लावू!"

सुआस्तिनींनी पट्टी ओढून सोडली होती. ती लांबली आणि चटकन पूर्ववत बसली.

"कोमांगला सोडा," त्या शांतपणे म्हणाल्या. "बापाक, या नळाच्या सांध्यांतून ओझोनचा अंश झिरपतोच. त्याचा उग्र वास नाकात बसतो. इथे फुलं दरवळतायत. ओझोन रंग उडवतो. ही चौकडी अजून काळीकुट्ट आहे. आणि रबराचा तर तो वैरी. पाच महिने त्याच्या तोंडाशी राहिलेल्या पट्टीला तडे जाऊन ती कधीच तुटली असती. धूळ सांगते, वस्त्र जुनं आहे. तुम्हीही तेच सांगितलंत. म्हणजे पाच महिने इथे नुसते पंखे फिरतायत. आणि किल्ली एकट्या तुमच्याकडे."

विरातांनी मग सारे कबूल केले. त्यांचा जबाब तपासाच्या कागदांत शब्दशः असा आहे:

"आधीच्या पूजेचं वस्त्र महिन्याभरात विटलं आणि पट्टी तुटून जमिनीवर पडलं. पोरं म्हणाली, देवाने नाकारलं; कोणी यंत्राजवळ फिरकेना. मग मी ओझोन बंद केला, पंखे तेवढे चालू ठेवले आणि पुढच्या पूजेला नवं वस्त्र बांधलं. तेव्हापासून बघा, इबू, देवाची काही तक्रार नाही."