सहा वाजून पाच मिनिटांचा जय भीम

हे घडलं २०२३ साली. मंजूबाई बालाघाटच्या टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. जुलैतल्या एका सकाळी शेजारची पुष्पलता अनवाणीच धावत आली.

"मावशी, ह्यांचा जय भीम आला!"

तिचा नवरा वसंता २०१६ साली बिरशा गावाला जातो म्हणून निघाला, तो परतलाच नाही. सात वर्षं खबर नव्हती. त्याला मृत ठरवावं असा अर्ज तिने जूनमध्ये कोर्टात केला होता. निकाल लागला की राजेगावचा प्रेमलाल तिच्याशी लग्न करणार होता.

बौद्ध समाजाच्या वेबसाईटवर सभासद रोज सकाळी लॉगिन करून 'जय भीम'चं बटन दाबत. नावापुढे वेळ उमटे. वसंताच्या नावापुढे आज ६.०५ उमटलं होतं.

दुसऱ्या दिवशीही. मग रोजच. कोर्टाने पुढची तारीख दिली. खाटेला खिळलेल्या सासूने, जिजाबाईने, वॉर्डात साखर वाटायला लावली.

"त्याचा पासवर्ड कोणाले माहीत?" मंजूबाईंनी विचारलं.

"वंदनेच्या पुस्तकात लिहून आहे. पण घरात आम्ही तिघंच. मी, आई अन् कुशल."

धाकटा दीर कुशल घरूनच नागपूरच्या कंपनीचं काम करी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मंजूबाईंनी त्याला गाठलं.

"काहून रे, तूच त दाबत नाही ना बटन?"

"मावशी, मजाक करता का? ऑक्टोबरमध्ये तीन दिवस मी नागपूरले होतो. तेव्हाही आलाच ना भैयाचा जय भीम?"

"हौ, आला. अन् तुहं काम काय असते बाप्पा?"

"टेस्टिंग. वेबसाईट बरोबर चालते का ते पाहाचं. जावास्क्रिप्टमध्ये एकदा लिहून ठेवलं का ब्राउझर आपोआप उघडते, फॉर्म भरते, बटन दाबते. मी चाय पीत बसतो."

"मंग पगार मशीनलेच द्याले पाहिजे."

कुशल हसला. मंजूबाई हसल्या नाहीत.

वेबसाईट सांभाळणारे दुलीचंद दुसऱ्या वॉर्डात राहत. त्यांनी सतरा नोव्हेंबरला वसंताची सगळी नोंद छापून दिली. एक्सचेंजमध्ये मंजूबाईंनी हजारो माणसांच्या वेळा पाहिल्या होत्या. घड्याळ लावून बोलणारा ठाणेदारसुद्धा चार मिनिटं मागेपुढे व्हायचा. वसंता मात्र ठोक सहा-पाचला येई आणि नवव्या सेकंदाला जाई. फक्त सतरा नोव्हेंबरची जागा कोरी होती.

त्या पहाटे पाचपासून आठपर्यंत फक्त मंजूबाई आणि पुष्पलता राहत त्या वॉर्डातली लाईट गेली होती.

मंजूबाईंना संशय आला. पण एवढ्यावर घरच्या पोराचं नाव कसं घ्यायचं? त्या थांबल्या.

सहा डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन. दुलीचंदांनी बटन काढून तिथे चौकट ठेवली: आपल्या शब्दांत दोन ओळी लिहा. सगळ्यांनी लिहिलं. वसंता सहा-पाचला आला, अर्धं मिनिट थांबला, काही न लिहिता गेला.

मंजूबाई त्या दिवसाच्या नोंदीचा कागद घेऊन थेट जिजाबाईच्या ओसरीवर गेल्या. पुष्पलता आणि कुशल दोघंही घरात होते.

"वसंता दर सहा डिसेंबरले विहारात भाषण देत जाय," त्या म्हणाल्या. "तो दोन ओळीही लिहिणार नाही? हा माणूस नोहे, कुशलनं लिहून ठेवलेलं टेस्टिंग आहे. ह्याले एकच बटन दाबता येते. ते नव्हतं, म्हणून अर्धा मिनिट शोधून बंद पडला. अन् सतराले आपली लाईट गेली, तुहं नेट बंद झालं, त हाही बंद. खरा वसंता दूर कुठं असता त त्याले आपल्या लाईटशी काय? तू नागपूरले गेलता, कुशल. कम्प्युटर घरीच चालू ठेवून गेलता."

कुशल वहिनीकडे पाहून म्हणाला, "तू चालली गेली असती त आईले कोन पलटवलं असतं? कोन धुतलं असतं?"

"तिच्या पोटच्या पोरानं," पुष्पलता म्हणाली.

आतून जिजाबाईने पाणी मागितलं. कोणीच उठलं नाही.

पुढच्या वर्षी कोर्टाने वसंताला मृत ठरवलं. जिजाबाई त्याआधीच गेली, पाठीला जखमा होऊन. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. कुशल नागपूरला राहतो, तेच काम करतो. पुष्पलता लालबर्ऱ्याला एका वसतिगृहात पोळ्या लाटते. प्रेमलालने २०२३च्या दिवाळीपर्यंतच वाट पाहिली होती. तीन डिसेंबरला, मंजूबाई ओसरीवर गेल्या त्याच्या तीन दिवस आधी, त्याचं दुसरीकडे लग्न झालं.

मंजूबाईंना सतरा नोव्हेंबरलाच कळलं होतं. पुरावा पक्का व्हावा म्हणून त्या एकोणीस दिवस थांबल्या होत्या.