आत्याचं कोपर

"तुम्हाला मी कुठेतरी पाहिलंय," ती म्हणाली, आणि म्हटल्या म्हटल्या तिला स्वतःचीच लाज वाटली. इतकं गुळगुळीत झालेलं वाक्य... तेही गिऱ्हाइकाला!

तो काउंटरच्या पलीकडे उभा होता. खांद्याला सॅक, शर्टाला प्रवासाच्या सुरकुत्या. त्याने भुवई उडवली आणि हसला.

आणि तो हसला तसं तिला आठवलं.

"मागे वळा," तो म्हणाला.

वळायची गरजच नव्हती, तरी ती वळली. मागच्या फळ्यांवर ओळीने चॉकलेटची पाकिटं, आणि प्रत्येक पाकिटावर तो. तेच हसू, हातात कोकोच्या फळांची टोपली. खाली अक्षरं: याने पिकवलं. तुम्ही चाखा.

"अय्या! तुम्ही... तुम्ही आमचं पाकीट!"

"माणूस आहे. पण चालेल."

ती लाल झाली. कारण तो फोटो तिनेच निवडलेला. दुकान मावशीचं, पुढे काउंटर, मागे कारखाना, तिथे कोकोच्या बिया भाजायच्या, दळायच्या, चॉकलेट बनवायचं. पाकिटांचं काम तिच्याकडे. ढीगभर फोटोंमधून तिने हा उचलला होता आणि मावशीला छातीठोकपणे सांगितलं होतं, "हा खपेल!" मनात दुसरंच काहीतरी होतं, पण ते मावशीला कशाला सांगायचं?

आणि खपलाही. फेअर ट्रेडचा शिक्का असलेला माल आधी दुकानात एका कोपऱ्यात धूळ खात पडायचा. शेतकऱ्यांच्या सोसायटीकडून रास्त भावाने थेट घेतलेला माल, एवढंच त्या शिक्क्याचं म्हणणं. आता अख्खी भिंत त्याच मालाची होती. लोक पाकीट उलटून शिक्का बघायचे आणि मगच घ्यायचे.

"कॉफी घेणार?" तिने विचारलं.

"तक्रार घेऊन आलोय."

"मग तर कॉफी लागेलच."

त्याने एक पाकीट उचलून काउंटरवर ठेवलं आणि फोटोच्या कडेला बोट टेकवलं. त्याच्या खांद्याजवळ काहीतरी तपकिरी, टोकदार. "हे काय आहे?"

"फांदी?"

"कोपर आहे."

"कोपर? कुणाचं?"

"माझ्या आत्याचं. झाडं तिची, शेत तिचं, सोसायटीची सभासद ती. मी टोपली धरायला उभा होतो. फोटो आमच्या दोघांचा होता हो! कुणीतरी महाभागाने तिला कापलं आणि तेवढं कोपर शिल्लक ठेवलं."

कॉफीचं मशीन फुरफुरत होतं. ती एकदम त्या मशीनकडे फार लक्ष द्यायला लागली.

"मी," ती म्हणाली.

"काय मी?"

"महाभाग. मीच कापलं."

बिचारा बसमध्ये बसून काय काय बोलायचं ते ठरवून आला असणार. सगळं बोंबललं. "...का पण?"

"त्या रागाने बघत होत्या."

"रागाने नाही बघत ती. तिचा चेहराच तसा आहे!"

ती फिस्सकन हसली. तोही हसला... मग लगेच गंभीर झाला. "हसू नका. तिचं अध्यक्षपद अडकलंय त्या कोपरात."

झालं असं होतं. पुढच्या रविवारी त्याच्या सोसायटीची सभा होती, आणि आत्या अध्यक्षपदाला उभी होती. पहिल्यांदाच एक बाई. समोर जुने अध्यक्ष. ते आता घरोघर पाकीट घेऊन फिरत होते. 'बघा, बाहेरच्या लोकांनाही माहितीये शेत कोण करतं ते! पाकिटावर भाचा आहे. ही कुठाय?' आणि लोक माना डोलवत होते. आत्याने इतकी वर्षं चिखल तुडवला, आणि एका पाकिटाने तिला तिच्याच शेतातून बाहेर काढलं होतं.

"मी मेसेज केले होते," तो म्हणाला. "तुमच्या मावशींनी प्रत्येक वेळी अंगठा पाठवला."

"मावशी सगळ्यांनाच अंगठा पाठवते."

"म्हणून स्वतः आलो. सभेच्या आधी पाकीट बदलायला हवं. माझं तोंड काढा, तिचं लावा."

तिने एकदा फळीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. काढा म्हणे. किती सहज!

*

मावशी वजनकाट्याजवळ उभी राहून सगळं ऐकत होती. तिचं पहिलं उत्तर तयारच होतं. "हे बघ मुला, तुझा चेहरा खपतो."

"मी नाही खपत हो. कोको खपतो."

"दोघंही खपता. आणि आता मोठ्या दुकानांची ऑर्डर आलीये, नवी पाकिटं छापायची आहेत. नेमकं आत्ताच चेहरा बदलू?" मावशीने चष्मा चढवला. "बरं, दाखव तुझी आत्या."

त्याने मोबाइल पुढे केला. फोटोत आत्या. एका हातात कोयता, दुसरा हात कमरेवर, आणि नजर अशी की मोबाइलच गरम व्हावा.

कारखान्यात बिया भाजणारे काका मागून डोकावले. "बापरे! मी तर पाकीट न उघडताच पैसे देऊन पळून जाईन."

"पोरं रडतील पोरं," मावशी म्हणाली. "पण तू इतक्या लांबून आलायस. शुक्रवारी छपाईला जायचंय. तोवर मला पटवा. नाही पटलं तर जुनंच छापणार." 'पटवा' म्हणताना तिने दोघांकडेही पाहिलं. म्हणजे भाचीचं नाव तिने परस्परच त्याच्या बाजूला लिहून टाकलं होतं.

तो काकांकडे राहिला, आणि दिवसा कारखान्यात. रिकामा बसायचा स्वभाव नव्हता. दोन दिवसांत सगळे त्याला 'पाकीट' म्हणायला लागले. "ए पाकीट, पोतं उचल!" "पाकीट, जेवलास का?" तो सगळ्याला ओ द्यायचा. एकच काम जमेना: चॉकलेटच्या वडीला चांदीचा कागद गुंडाळायचा. चर्रर्र... फाटला. पुन्हा घेतला. चर्रर्र.

"कोयता नाही तो," ती म्हणाली. "हळू. असा कोपरा धरा... नाही, असा."

तिने त्याची बोटं धरून दुमडून दाखवली. त्याचे हात खरखरीत होते, आणि गरम. वडी वितळायला लागली.

"बघा, तुमच्यामुळे वितळली," ती म्हणाली.

"माझ्यामुळे?"

"मग काय माझ्यामुळे?"

"...मी कुठे काय म्हणालो."

तिच्या केसांत कोकोचं टरफल अडकलं होतं. त्याने हात वर नेला, थांबला, आणि नुसतं बोटाने दाखवलं. "ते... तिथे..." तिने मुद्दाम दुसऱ्याच बाजूला चाचपलं. "इथे?" "नाही, तिथे." "इथे?" "अहो...!" शेवटी त्यालाच काढावं लागलं. पलीकडे काका भाजणीच्या मशीनकडे बघून एकटेच हसत होते.

पण रात्रीसारखा काळाकुट्ट एक विचार तिला भरदुपारी यायचा. पाकीट बदललं की याचं काम संपलं. फळीवरून हा जाणार. दारातूनही हाच जाणार.

म्हणून असेल, पण तिचं डिझाइन पुढे सरकेना. तिने तीन नमुने केले. तिन्हींमध्ये दोघं होते. तो मध्यभागी, हसरा, आणि आत्या मागे, लहानशी.

त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "तुम्ही तिला परत कडेलाच बसवलंत."

"पूर्ण आहेत की त्या! कोपरासकट!"

"मी असलो की लोक मलाच बघतात. तुमच्या मावशीच म्हणाल्या ना?"

"मग बघू दे की! बघितलं तर काय झिजणार आहेस का? मीसुद्धा तर रोज... तुला काही कळतच नाही का रे?"

दळणाचं मशीन गरगरत होतं. 

"आत्ता..." तो सावकाश म्हणाला, "तू मला 'तू' म्हणालात."

"आणि तुम्ही काय म्हणालात? 'तू म्हणालात'?"

"गडबडलो."

"मीही."

दोघं हसले, पण तिचे डोळे भरून आले होते. तिने मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. त्यात तो हसत होता आणि मागे एक बाई हिशेबातच नसल्यासारखी उभी होती. एकदा कापली ती चूक समजून घेता येईल, कारण तेव्हा माहीत नव्हतं. आता सगळं माहीत असून पुन्हा मागे ढकलायची? कशासाठी... तर रोज सकाळी फळीवर एक हसू दिसावं म्हणून?

तिने त्याच्या फोटोवर क्लिक केलं आणि तो काढून टाकला. 

"आत्यांना फोन लाव," ती म्हणाली. "व्हिडिओ."

*

स्क्रीनवर आधी आभाळ दिसलं, मग एक कान, मग आत्या. मागे कोकोची झाडं. "कोण? ती कापणारी का?"

"हो आत्या, मीच ती," तिने आवाज खणखणीत ठेवला. "तुमचा फोटो पाकिटावर घ्यायचाय. एक विचारू? जरा हसता येईल का?"

"कशाला?"

"लोकांना बरं वाटतं."

"लोकांना चॉकलेट विकताय की माझे दात?" आत्या म्हणाली. "कोको मी काही हसून नाही पिकवला. खाऊन बघा म्हणावं, मग बोला." आणि पुन्हा आभाळ दिसलं. फोन बंद.

"सॉरी हं," तो म्हणाला. "ती अशीच..."

"गप्प बस," ती म्हणाली. ती आधीच टाइप करत होती.

तासाभरात नमुन्याचं पाकीट तयार झालं. पूर्ण आत्या. कोयता, कमरेवरचा हात, ती नजर. आणि खाली:

हसून नाही पिकवलं. खाऊन बघा, मग बोला.

मावशीने वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "अगं, ही बाई मला दम देतेय."

"मग घ्यावंसं वाटतंय की नाही?"

 मावशी पाकीट घेऊन गेली आणि फळीवर, त्या सगळ्या हसऱ्या चेहऱ्यांच्या मध्ये, ठेवून आली. "बघू."

थोड्या वेळाने एक आई आपल्या छोट्या मुलीला घेऊन आली. मुलगी फळीसमोर उभी राहिली. बराच वेळ. तिने एकदा डावीकडे सरकून बघितलं, एकदा उजवीकडे.

"आई, ही आजी माझ्याकडेच बघतेय."

मावशीने भाचीला डोळ्यांनीच खुणावलं: रडणार बघ आता.

मुलीने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि आत्याकडे तसंच डोळे वटारून पाहिलं. मग हात लांब करून म्हणाली, "मला हीच पाहिजे."

मावशीने छापखान्याला फोन लावला. अंगठा नाही, चक्क फोन.

*

शनिवारी सोसायटीचा ट्रक पोती उतरवून परत निघाला. त्यात नव्या पाकिटांचं खोकं गेलं, सभेत वाटायला. तो मात्र गेला नाही.

"ट्रकमध्ये जागा नव्हती," त्याने तिला सांगितलं.

"रिकामा ट्रक होता."

"म्हणजे... पुढे जागा नव्हती."

"पुढे ड्रायव्हर एकटा होता!" काका आतून ओरडले.

रविवारी दुकान बंद होतं, तरी दोघं कारखान्याच्या मागच्या अंगणात टरफलांच्या पोत्यांवर येऊन बसले होते. उन्हात कोकोचा वास आणखी गडद येत होता. मध्ये मोबाइल. ती त्याच्याकडे बघायची, तो मोबाइलकडे.

"हरली तर?" तो म्हणाला.

"तर पुढच्या वेळी उभ्या राहतील. आता त्यांना कुणी कापू शकत नाही."

फोन वाजला. त्याने स्पीकर लावला.

"झाले अध्यक्ष!" आत्या म्हणाली. मागे नुसता गोंगाट. "जुन्या अध्यक्षांनी पाकीट हातात घेतलं आणि उलटं केलं, मागच्या बाजूला तरी तू असशील म्हणून. नव्हतास. मग मतदान. अरे, एवढे हात वर झाले की पुन्हा मोजायला लागले!"

तो उभा राहिला, खाली बसला, परत उभा राहिला. तिने टाळ्या वाजवल्या आणि डोळे पुसले.

"आता ये घरी," आत्या म्हणाली. "बिया वाळत घालायच्यात."

तो पोत्यातलं एक टरफल कुस्करत राहिला. 

"काय रे? ऐकू येतंय ना?"

"येतंय आत्या. यायचंय... पण..."

"ती कापणारी शेजारी आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "अभिनंदन, आत्या."

"असू दे. आधी हे सांग, माझा भाचा तिकडे काय करतोय? पाकीट तर बदललं."

त्याने मोबाइलकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं. हसला नाही, आणि न हसताही तो तिला तेवढाच आवडला.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "शेत सोडून मी इथे राहणार नाही, ते खोटं सांगणार नाही. पण माल घेऊन दर वेळी मीच येणार. आणि तू... तू तिकडे येशील? झाडं बघायला. म्हणजे... आमच्याकडे. बघून, पटलं तर..."

"विचारतोयस की सांगतोयस?"

"विचारतोय."

"विचारतोय ना?" फोनमधून आत्या कडाडली. "मग ठराव मांडला समजा. मान्य असेल तिने हात वर करावा!"

मागचा गोंगाट एकदम थांबला. अख्खी सभा कान देऊन ऐकत असणार.

तिने त्याच्याकडे पाहिलं. आणि सरळ हात वर केला.

"केला का वर? मला दिसत नाहीये!"

"केलाय, आत्या," तो म्हणाला. 

"नीट वर आहे ना? आमच्याकडे अर्धवट हात मोजत नाहीत!"

त्याने तिच्या वर केलेल्या हातात आपली बोटं गुंफली. "नीट वर आहे. आता खाली येणार नाही. मी धरलाय."

"मग ठराव मंजूर," नव्या अध्यक्षांनी जाहीर केलं. "पण बियांचं काय?"

"येतो," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघून त्याने दुरुस्ती केली, "येतो आम्ही."