खिट्टीचा फ्रिज

“टोबी, पळत ये! फ्रिजमध्ये मोटार आहे!”

वेराचा मित्र टोबी धावत आला, पण हातातला गोड पाव काही त्याने सोडला नाही. “केवढी? चालवता येईल?”

“ही बघ, शहाण्या!” वेराने बोटाएवढी लाल पत्र्याची मोटार त्याच्या नाकासमोर धरली. “आणि खाली खसखस सांडलीय.”

“मी नाही हं! मी जर्दाळूचे पाव खातो. खसखस दातांत अडकते.”

वेराची धाकटी बहीण लेंका गुडघ्यांवर बसून फ्रिजमध्ये डोकावली. “पण हा फ्रिज तर नुसता दाखवायला आहे! आतल्या फळ्यासुद्धा काढल्यात. इथे खायला कोण येतं?”

उन्हाळ्याची सुट्टी लागली, मक्याची रोपं गुडघ्याएवढी झाली आणि अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या त्या छोट्या गावात दूरदर्शन मालिकेचं पथक येऊन थडकलं. मालिका १९५३ सालच्या एका कुटुंबाची. शाळेच्या बंद व्यायामशाळेत त्यांनी तेव्हाचं स्वयंपाकघर उभं केलं होतं. पिवळ्या भिंती, लाल काठाचं टेबल, चार बर्नरची पांढरीशुभ्र शेगडी! वेराची आई शाळेत स्वयंपाक करायची. आता ती पथकाला जेवू घालत होती, म्हणून या तिघांना आत यायची परवानगी होती. अट एकच, कशालाही हात लावायचा नाही.

“जेवणाच्या सुट्टीत पाळत ठेवायची,” वेराने ठरवलं. ती बारा वर्षांची होती आणि ठरवायचं काम नेहमी तिच्याकडेच असे.

दुपारी तिघं पडद्यामागे लपले. पाच मिनिटांत चोर आला. चोर पाच वर्षांचा होता, त्याला दोन वेण्या होत्या आणि त्याच्या हातात खसखशीचा पाव होता! ती मेबल होती, मालिकेतली धाकटी मुलगी. ती फ्रिजमध्ये शिरली, तिने दार ओढून घेतलं. आतून वीसपर्यंत आकडे ऐकू आले, मग दार ढकलून ती खिदळत बाहेर आली.

“हे माझं घर आहे,” तिघांना बघून ती ठसक्यात म्हणाली. “तुम्ही मावणार नाही.”

हसून हसून टोबीला उचकी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र वेरा दारातच थबकली. जुना फ्रिज गेला होता. त्या जागी गोलसर खांद्यांचा, चकचकीत मूठ असलेला वेगळाच फ्रिज उभा होता. सामानाचे प्रमुख मिस्टर ग्रेडी त्याच्यापुढे छाती काढून उभे होते.

“पहिला भाग बघून प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला माझ्यावर!” ते म्हणाले. “म्हणे, त्रेपन्न साली चुंबकाची दारं कुठे होती? आता काढा म्हणावं चूक! ऐका.”

त्यांनी दार लावलं. खटॅक!

“खिट्टी! अस्सल, त्याच सालची!”

तो आवाज वेराला आवडला नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं. मिस्टर ग्रेडी वळताच तिने पुन्हा अट मोडून मूठ ओढली आणि दार आतून चाचपलं. सगळं गुळगुळीत. आत मूठ नाही, बटण नाही, काहीच नाही. आणि फळ्या इथेही काढलेल्याच होत्या!

“लेंका,” ती हळूच म्हणाली, “आज मेबलला क्षणभरही सोडायचं नाही. काहीही खेळ, पण तिचा हात धरून. टोबी, सायकल काढ!”

कोलारआजोबांचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. शहाऐंशी वर्षांच्या आजोबांनी गावातले सगळे फ्रिज दुरुस्त केले होते. वेराचं बोलणं ऐकता ऐकता त्यांच्या हातातला पेचकस थांबला.

“फळ्या काढल्यात? खिट्टी चालू आहे?”

“हो. आजोबा, दार आतून कसं उघडायचं?”

“नाही उघडत, पोरी.” आजोबा स्टुलावर टेकले. “हवा आत जात नाही, हाक बाहेर येत नाही. तेव्हा लोक जुने फ्रिज परसात टाकून द्यायचे आणि पोरं लपाछपी खेळायची. आमच्या गल्लीत रोझी म्हणून एक होती. सगळा गाव दिवसभर तिला शोधत होता. सापडली, तेव्हा उशीर झाला होता.”

टोबीने तोंडातला घास तसाच गिळला.

“नंतर कायदा झाला, आतून ढकललं की दार उघडलंच पाहिजे असा,” आजोबा उठत म्हणाले. “हा त्याच्या आधीचा दिसतोय. तुम्ही पुढे व्हा, मी हत्यारं घेऊन आलोच. माझे पाय काही तुमच्यासारखे धावत नाहीत.”

दोघं घामाघूम होऊन परतले. मिस्टर ग्रेडींनी अर्धंच ऐकलं.

“त्या मुलीची आई असते ना इथे? आणि आत अडकलीच, तर ओरडेल की! इथे चाळीस माणसं आहेत, कोणीतरी ऐकेल. चला, पळा.”

“कोणीतरी ऐकेल,” वेरा पुटपुटली. अचानक तिचे डोळे चमकले. शेगडीवरच्या कपाटात चावीचं गजराचं घड्याळ होतं. “टोबी, जेवणाआधी आवाजवाले डॅरियसकाका रोज सगळ्यांना काय करायला लावतात?”

“अर्धं मिनिट गप्प उभं राहायला! रिकाम्या खोलीचा आवाज टिपतात ते. मला तेव्हाच शिंक येते.”

“आज शिंकू नकोस. आज भांडी पाड.”

“मुद्दाम? अगं, आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम पाडणार मी!”

बारा वाजले. डॅरियसकाकांनी कानांवर यंत्र चढवलं. “मंडळी, अर्धं मिनिट शांतता!”

धडाम! खण्ण! ॲल्युमिनियमची सात पातेली जमिनीवर नाचली. सगळे टोबीकडे वळले. त्याच गोंधळात वेराने गजर सुरू केला, घड्याळ फ्रिजमध्ये ठेवलं आणि दार लावलं.

“कोण आहे रे तो वेंधळा? शांत!” दिग्दर्शकबाई ओरडल्या.

सगळे स्तब्ध झाले. चाळीस माणसं! पाच सेकंद गेले, दहा गेले. डॅरियसकाकांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“कुठेतरी माशी गुणगुणतेय का?”

वेराने मूठ ओढली.

ट्र्र्र्रिंग! घड्याळाने व्यायामशाळा दणाणून सोडली. एका बाईच्या हातातली बशीच पडली.

“ही माशी नाही, काका!” वेरा मोठ्याने म्हणाली. “हा गजर मघापासून वाजतोय. तुम्ही सगळे ऐकत होतात, तरी कोणाला ऐकू आला नाही. आत मूल असतं तर? हे दार आतून उघडत नाही. आणि मेबल रोज फ्रिजमध्ये लपते!”

मेबलची आई कपड्यांच्या खोलीच्या दारात उभी होती. लेंकाचा हात धरून मेबल तिच्याजवळ गेली आणि कुरकुरली, “मी आजपण जाणार होते. पण ही लेंका मला सोडतच नाही!”

आईने तिला उचललं आणि इतकं घट्ट धरलं की मेबल “अगं, वेणी!” म्हणून ओरडली.

मिस्टर ग्रेडींचा चेहरा फ्रिजसारखाच पांढरा पडला होता. त्यांनी स्वतः पुढे होऊन दोरीने दार बांधून टाकलं. “माझं चुकलं,” ते म्हणाले. “मी फक्त साल बघितलं. आता हा फ्रिज परत पाठवतो.”

“कशाला पाठवता?” दारातून आवाज आला. कोलारआजोबा हत्यारांची पेटी घेऊन हाशहुश करत आत येत होते. “फ्रिज झकास आहे हो! आतली खिट्टी काढतो, रबराखाली चुंबकाची पट्टी बसवतो. बाहेरून त्रेपन्न सालचाच दिसेल, पण पिल्लानेसुद्धा आतून ढकललं तरी दार उघडेल.”

“आणि ‘खटॅक’?” मिस्टर ग्रेडींनी चाचरत विचारलं.

“तो मी आत्ताच टिपून ठेवतो,” डॅरियसकाका म्हणाले. “दृश्यावर नंतर चिकटवू. एकाही प्रेक्षकाला पत्र लिहायला जागा मिळणार नाही!”

दोन तास काम चाललं. वेरा विजेरी धरून होती, लेंका पेचकस देत होती आणि टोबीकडे, खूप बजावून, स्क्रूंची डबी दिली होती. काम होताच आजोबांनी दार लावलं आणि मुठीला हात न लावता कडेला करंगळी घालून हलकेच ओढलं. ते अलगद उघडलं. दिग्दर्शकबाईंनी तिघांची नावं विचारून घेतली आणि सांगितलं, या भागाच्या शेवटच्या नामावलीत सुरक्षेसाठी ती झळकतील. टोबीने आपल्या आडनावाचं स्पेलिंग तीनदा सांगितलं.

सगळे पांगले, तरी मेबलची आई थांबली होती. तिने तिघांना एकेक करून कुशीत घेतलं. वेराच्या कानाशी ती म्हणाली, “तुझे उपकार मी कसे फेडू, बाळ?” वेराने नुसती मान हलवली, आणि आपलेच डोळे का भरून आले ते तिला कळेना.

मग मेबलची आई आजोबांकडे वळली. “आणि तुम्ही! अशी किती धोक्याची दारं आजवर दुरुस्त केलीत?”

आजोबा पेटी आवरत हसले. “रोझी गेली त्या वर्षापासून सुरुवात केली. परसात टाकलेला फ्रिज दिसला, की विचारून दार काढून आणायचो. तीनशेच्या पुढे मोजलं नाही. लोक वैतागायचे माझ्यावर. त्यांचं तरी काय चुकलं? काही घडलंच नाही, तर आभार कशाचे मानणार?”

मेबलच्या आईने त्यांचे तेलकट हात आपल्या दोन्ही हातांत घेतले.

“न घडलेल्या गोष्टीचे,” ती म्हणाली. “मी मानते. त्या तीनशे घरांच्या वतीनेसुद्धा मानते.”

कोलारआजोबांनी हात सोडवून घ्यायचा एकदा प्रयत्न केला. मग ते तसेच तिच्या हातांत राहू दिले.