मोठं तले

आमच्या वडिलांची, अप्पांची, नजर पुरती जाण्याआधी त्यांना माळढोकाचा मोठा, स्वच्छ फोटो दाखवायचा, एवढ्यासाठी आम्ही ऐन एप्रिलात नान्नजच्या माळावर निघालो होतो. तरुणपणी अप्पांनी हा पक्षी ज्वारीच्या बांधावर पाहिला होता. आता तो दिसला तर नशीब!

आम्ही तिघं. मी भुवनेश्वरी, माझा भाऊ नंदीश आणि वाट दाखवायला बिरुदेव. ट्रायपॉडवर कॅमेरा धरणारं डोकं कुठलं न्यायचं, यावरून नंदीशनं कुंभारीतलं घर डोक्यावर घेतलं होतं! गोळीवर फिरणारं हलकं डोकं देखाव्यांना बरं, पण लांब लेन्स त्यावर मान टाकते. पक्ष्यासाठी दुसरं, जडच हवं. शेवटी सूर्योदयापुरतं हलकं ट्रायपॉडवर बसलं आणि जड डोकं पाण्याच्या कॅनबरोबर पिशवीत गेलं.

वनखात्याची परवानगी होती. फाटकाशी गाडी लावून आम्ही चालत सुटलो. वाळलेलं गवत, मुरमाड जमीन आणि सावली औषधालाही नाही. सूर्योदय टिपून पक्षी बघायच्या आडोशाला पोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं.

"बिरुदेवा, पिशवी दे," नंदीश म्हणाला.

"गाडीत हाय की! म्या इचारलं, पाणी घिऊ का, तर तुमीच म्हणला, मोटं तळं हाय तितं."

नंदीशनं कपाळावर हात मारला. गाडीतून उतरताना तो पिशवीकडं बोट करून मला सांगत होता, "मोटं तले हाय तितं!" आमच्या घरात कानडी-मराठीची खिचडी, तले म्हणजे डोकं. बिरुदेव पडला मोहोळकडचा, त्याला कानडीचा गंध नाही. आता ना तळं, ना तले!

"मागं फिरू या," मी म्हणाले.

"थोडं थांब की, अक्का. अप्पांसाठी."

मी थांबले. तिथंच चुकलं. जीभ टाळूला चिकटली. बिरुदेव बोलेनासा झाला.

आणि गवत हललं! उंच मान, काळी टोपी. माळढोक!

नंदीशनं लेन्स रोखली. लेन्सनं मान टाकली! त्यानं हलक्या डोक्याचा स्क्रू आवळला. पुन्हा खाली! फ्रेममध्ये नुसतं गवत. त्यानं लेन्स हातानं उचलून धरली, पण तहानेनं हातच लटपटत होते. पक्षी एकेक पाऊल जवळ येत होता आणि आम्हाला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. खटक! एक फोटो निघाला.

मागं धप्पकन आवाज आला. बिरुदेव कोसळला होता!

नंदीशनं एकदा पक्ष्याकडं पाहिलं. मग कॅमेरा तिथंच टाकून त्यानं बिरुदेवला पाठीवर घेतलं. माळढोक उडाला. आम्ही वळूनही पाहिलं नाही. ठेचकाळत, वाट चुकत कसंबसं निरीक्षण मनोऱ्यापर्यंत पोचलो. तिथल्या वनरक्षकाच्या माठातलं पाणी पोटात गेल्यावर बिरुदेवनं डोळे उघडले, तेव्हा मी रडले.

कॅमेरा वनरक्षकानंच आणून दिला. तो एकच फोटो आम्ही मोठा करून आणला. पिवळ्यात एक काळा-पांढरा फराटा, बस्स.

अप्पांनी तो डोळ्यांशी धरला.

"हाललाय, अप्पा," नंदीश पुटपुटला.

"कुटं हाललाय? मला आता समदं असंच दिसतंय. तुजं त्वांड बी." त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. "मान बग कशी ताठ हाय! माळढोकच की ह्यो."

नंदीश त्यांच्या शेजारी टेकला. मी म्हणाले, "व्हय अप्पा, माळढोकच."