साधी तार, कोटिंगची तार

तार तुटली ती नेमकी गाण्याच्या सगळ्यात नाजूक ओळीवर.

पलीकडच्या बेटावरच्या तुबिगोनला जाणारी बोट सेबूचा धक्का सोडून बरीच पुढे आली होती. वरच्या डेकवर एक तरुण गिटार घेऊन गात होता. मी ऐकत नव्हते... म्हणजे, ऐकत नसल्यासारखं दाखवत होते. मांडीवर गिऱ्हाइकाला पोचवायची गिटार, नजर समुद्राकडे, आणि कान मात्र — जाऊ दे. तेवढ्यात टण्णकन आवाज झाला. सगळ्यात बारीक तार तुटली आणि त्याच्या गालावर सपकन बसली.

लोक हसले. तो गाल चोळत त्यांच्याहून जोरात हसला.

"बघा मंडळी, हीसुद्धा सोडून गेली! एकही तार माझ्याजवळ टिकत नाही."

"मग दोष तारांचा नसेल," मी म्हणाले.

मनातलं ओठांवर कधी आलं, मलाच कळलं नाही. तो वळला. वाऱ्याने विस्कटलेले केस, गालावर लाल रेघ, आणि डोळ्यांत... राग नव्हता, मजा होती.

"दाय, तुमच्याकडे यावर औषध आहे वाटतं?"

आमच्याकडे कुठल्याही मुलीला 'दाय' म्हणतात. त्यात विशेष काही नाही. त्याने म्हटलं तेव्हा मात्र मला उगाचच विशेष वाटलं. मी पिशवीतून तारांचं पाकीट काढलं.

"घ्या. अबुनो गावच्या अबुंदियोंची मुलगी आहे मी. गिटारच्या कारखान्यातली. तारा घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही."

त्याने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "साध्याच? कोटिंगच्या नाहीत?"

माझं डोकं फिरलं. फुकट तार मिळतेय आणि वर चिकित्सा!

"आमच्या कारखान्यात कोटिंगच्या तारा लावत नाहीत."

"का बरं?"

"ताताय म्हणतात, रेनकोट घालून कुणी आंघोळ करतं का? तारेवर पापुद्रा चढवला की आवाज गुदमरतो." वडिलांचं वाक्य मी जसंच्या तसं ऐकवलं.

"तुमच्या तातायनी दिवसभर खाऱ्या वाऱ्यात उभं राहून कधी गिटार वाजवली आहे?" नवी तार ओवता ओवता तो म्हणाला. "साध्या तारा इथे बघता बघता काळ्या पडतात, दाय. मग पत्र्याचा डबा वाजवल्यासारखं वाटतं. कोटिंगच्या टिकतात तरी."

"टिकतात म्हणून चांगल्या? दगडसुद्धा टिकतो."

तो पुन्हा हसला. कान लाकडाला लावून त्याने तार सुरात आणली आणि म्हणाला, "ठीक. आता ही साधी तार तुमच्या नावाने."

मग तुबिगोन येईपर्यंत तो गात राहिला — माझ्याकडे एकदाही न बघता. समुद्राकडे बघत. अगदी मघाशी मी बघत होते तसा! धक्क्यावर उतरल्यावर माझ्या लक्षात आलं, मी त्याचं नावही विचारलं नव्हतं.

नाव रविवारी कळलं. मी कारखान्यात फणसाची फळी रंधत होते, आणि दारात तो उभा. हातात तारांची दोन पाकिटं.

"रेनांते," तो म्हणाला. "तुमची उधार तार परत करायला आलोय. साधी. आणि ही दुसरी... कोटिंगची. वाद मिटवायला."

ताताय आतून म्हणाले, "कोण आहे गं?"

"बोटीवरचा गाणारा, ताताय. तारा फार तोडतो."

"नोंग अबुंदियो," तो थेट आत जाऊन, थोरामोठ्यांना म्हणतात तसं 'नोंग' म्हणत अदबीने म्हणाला, "तुमची मुलगी म्हणते, कोटिंगच्या तारेचा आवाज ती डोळे मिटून ओळखेल."

मी असं काही म्हटलंच नव्हतं! पण ताताय माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्यासमोर 'नाही' म्हणायची माझी तयारी नव्हती.

"ओळखेनच," मी म्हणाले.

एकाच फळीच्या दोन जुळ्या गिटारी घेतल्या. एकीला साध्या तारा, एकीला कोटिंगच्या. मी बांबूच्या कुडामागे, आणि तो आत. पहिली वाजली. थोड्या वेळाने दुसरी. मी क्षणभरही थांबले नाही.

"पहिली साधी. दुसरी पांघरूण घेऊन झोपलेली."

ताताय इतके खूश झाले की त्यांनी त्याला जेवायला थांबवलं. पण त्याआधी हरल्याची शिक्षा म्हणून कारखान्यातला भुसा झाडायला लावला. तो झाडतही होता अशा थाटात, जसं काही बक्षीसच मिळालंय.

"जिंकलात, दाय," केरसुणीवर हनुवटी टेकून तो म्हणाला. "पण नव्या तारा सगळ्याच गोड गातात. दोन्ही गिटारी मला बोटीवर नेऊ द्या. जुन्या झाल्यावर कोण गातं ते बघू."

ताताय हो म्हणाले. आणि मग... मग मला तुबिगोनला कामं निघू लागली. एकदा सरस आणायला. एकदा मावशीला भेटायला. एकदा तर काहीच कारण नव्हतं, तर मी सुक्या दांगीट मासळीचं नाव सांगून गेले. आमच्या सेबूची दांगीट सोडून कोण ती आणायला समुद्र ओलांडतं? आई, म्हणजे आमची नानाय, नुसती हसली.

बोटीवर मी तारांची 'तपासणी' करायचे. तो गिटार पुढे धरायचा, आणि माझं लक्ष त्याच्या बोटांकडे जायचं. टोकांना काळसर डाग, कातडी घट्टे पडून कडक. तारांना नुसतं बोट लावून कळलं असतं, पण मी प्रत्येक वेळी त्याला वाजवायला सांगायचे.

आणि अखेर एका दुपारी ते मला ऐकू आलं. साध्या तारा थकल्या होत्या. आवाज मातीत पडल्यासारखा. कोटिंगच्या मात्र अजून पहिल्या दिवसासारख्या बोलत होत्या.

मी दोन्ही पुन्हा वाजवायला लावल्या. फरक तोच.

"मी जिंकलो असं म्हणत नाही हं," शेवटी तो हळूच म्हणाला.

"म्हणूही नकोस," मी म्हणाले.

'नका' ऐवजी 'नकोस' निघालं होतं. त्याने ते ऐकलं... आणि काही न ऐकल्यासारखा समुद्राकडे बघत राहिला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

आमच्या ओपोन शहराचा वार्षिक सण जवळ आला. दरवर्षी त्या दिवशी समुद्राकाठच्या चौकात गिटार बनवणारे जमतात, प्रत्येक कारखान्याची एक गिटार मंचावर वाजते आणि लांबलांबचे लोक ऐकायला येतात. आमच्याकडून नेहमी तातायची गिटार जायची. त्यापूर्वी आजोबांची. या वर्षी शेजारच्या कारखान्याचे मालक विचारायला आले, तेव्हा ताताय फळीवरून मान वर न करता म्हणाले, "आमच्याकडून जोव्हेलिनची जाईल."

माझी! मागची बाजू आणि कडा फणसाच्या, भोकाभोवती शिंपल्याची बारीक फुलं, आतल्या पट्ट्या तासताना तर मी श्वासही रोखून धरला होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने केलेली पहिली गिटार. मी आत जाऊन रडले, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "रेनांते वाजवेल."

तातायच्या भुवया वर गेल्या.

मी अर्थातच साध्या तारा लावल्या. गिटार अशी लखलखीत बोलायला लागली की रस्त्यावरचे लोक थांबून ऐकत. रेनांते रोज सरावाला यायचा. पण दिवसेंदिवस गप्प होत चालला होता. सणाच्या दोन दिवस आधी त्याने गिटार खाली ठेवली.

"दाय... कोटिंगच्या लावशील?"

"काय?"

"नुसतं विचारतोय."

"पुन्हा तेच? नव्या तारा आहेत, एका संध्याकाळचा प्रश्न आहे. खारा वारा काय करणार आहे एवढ्यात? लोक माझा आवाज ऐकायला येणार आहेत, रेनांते. तो मी झाकून ठेवू?"

तो उठून खिडकीपाशी गेला. पाठमोराच बोलला.

"वाऱ्याचं नाही ते. माझ्या हातांचं आहे."

"म्हणजे?"

"बोटीवर कुणी ऐकत नसतं. कुणी झोपलेलं, कुणी खात बसलेलं. तिथे मी राजा. पण समोर ऐकणारी माणसं बसली की माझ्या हातांना घाम फुटतो. बोटं घसरतात आणि साधी तार किंचाळते... एकदा कॉलेजात भर गाण्यातून उठून गेलो होतो. कोटिंगची तार गुळगुळीत असते. ती सांभाळून घेते." तो थांबला. "तेव्हापासून मी त्याच वापरतो. नाही मिळाल्या की साध्यांवर बोटीपुरतं भागतं."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"तुझ्यासमोर? तू मान अशी ताठ धरून चालतेस, दाय... तुला घाबरट माणूस कसा दाखवायचा?" तो कसनुसं हसला. "राहू दे साध्याच. गिटार तुझी आहे. मी सांभाळून वाजवीन."

तो गेला. मी तिथेच बसून राहिले.

मला राग आला होता. त्याचा नाही. ज्या माणसाच्या बोटांकडे मी इतके दिवस टक लावून बघत होते, त्या बोटांची भीती मला दिसली नव्हती, याचा. मग मी कोटिंगच्या तारांचं पाकीट फोडलं. एकेक तार ओवली, ताणली, सुरात आणली आणि वाजवली. वरची लकाकी जराशी कमी झाली होती, हे खरंच. पण छातीतून येणारा तो भरदार आवाज? तो होता तिथेच होता. मी पुन्हा वाजवली. पुन्हा. आणि मला हसू यायला लागलं.

ताताय दाराशी येऊन उभे होते.

"कोटिंग?"

"हो."

"त्याच्यासाठी?"

"त्याच्यासाठीही. पण ताताय, माझी गिटार इतकी लेचीपेची नाही की एका पापुद्र्याने तिचा आवाज दबेल."

तातायनी गिटार हातात घेतली. अंगठ्याने सगळ्या तारा एकदा छेडल्या, नाद विरेपर्यंत डोळे मिटून घेतले. मग ती अशी जपून परत दिली, जशी ते आजोबांची गिटार देतात.

"नाही दबत," ते म्हणाले.

चौक गच्च भरला होता. रेनांते मंचावर आला. पांढराशुभ्र शर्ट, चेहरा त्याहून पांढरा. त्याने तारांवरून बोट फिरवलं आणि थबकला. त्याला कळलं होतं. त्याने गर्दीत मला शोधलं. मी मान हलवली — फक्त एवढीशी.

आणि तो वाजवायला लागला.

सुरुवातीला जपून. मग जरा सैल. एका ठिकाणी बोट घसरलंच, पण तार किंचाळली नाही. तोच गालात हसला आणि पुढे गेला. आणि मग बोटीवरचा तो राजा चौकात अवतरला! बारीक तारा झुळझुळत होत्या आणि खालून माझं फणसाचं लाकूड घुमत होतं. समोरची म्हातारी मंडळी, आयुष्यभर गिटारी करत आलेली, एकमेकांच्या कानाशी लागून विचारत होती, "अबुंदियोची का ही?"

टाळ्या थांबेनात. रेनांतेने माईक जवळ ओढला.

"ही गिटार अबुनोच्या जोव्हेलिनने बनवली आहे," तो म्हणाला. आवाज जराही कापला नाही. "एकटीने."

ताताय उठून उभे राहिले. टाळ्या वाजवायला नाही, नुसतेच. सगळ्यांना दिसावं म्हणून, की ही ज्याची मुलगी, तो माणूस मी.

लोक पांगत असताना लांबच्या दावाओ शहरातली एक गायिका आमच्याकडे आली. तिला ती गिटार हवी होती, आत्ताच्या आत्ता. तातायनी माझ्याकडे बोट केलं. "मालकीण ती आहे."

माझा जीव क्षणभर खाली-वर झाला. पण गिटार घरात ठेवायला कोण बनवतं? मी हो म्हणाले.

"तारा कुठल्या लावू?" तिने विचारलं.

"घर समुद्राजवळ असेल, हाताला घाम येत असेल तर कोटिंगच्या. रोज पुसायचा आणि वरचेवर तारा बदलायचा उत्साह असेल तर साध्या," मी म्हणाले. "बोलेल ती दोन्हींत. माझी आहे."

ती गेली. रेनांते बाजूला उभा राहून बघत होता.

"विकलीस?"

"विकली."

"मग मी आता काय वाजवू?"

"तुझ्यासाठी दुसरी करेन. वेळ लागेल. मान किती जाड हवी, हात कसा पडतो, सगळं बघावं लागेल. कारखान्यात यावं लागेल."

"रोज?"

"रोज."

तो जवळ आला. वाऱ्याने माझे केस तोंडावर आले होते, ते बाजूला करायला त्याचा हात उचलला गेला... आणि मध्येच थांबला.

"दाय, गिटारसाठी आलो नाही तर चालेल? म्हणजे... नुसता आलो तर?"

"नुसता कशाला?"

"तुला माहीत आहे कशाला."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "पण ऐकायचंय. मघाशी माईकवर बरं स्पष्ट बोलता आलं."

त्याने एक श्वास घेतला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे, जोव्हेलिन. तुझ्या ताठ मानेसकट."

समुद्रावर उन्हं तिरपी झाली होती, बँड वाजायला लागला होता, आणि मी त्याचा हात धरून त्याला ओढत नेलं. थेट तातायसमोर. लपवायचं काय होतं त्यात?

"ताताय, उद्यापासून हा रोज कारखान्यात येणार आहे."

"गिटारसाठी?"

"नाही," मी मान वर करून म्हणाले. "माझ्यासाठी."

तातायनी रेनांतेला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. मग खांद्यावरचा पंचा झटकत म्हणाले,

"तर मग जेवून येत जाऊ नकोस. आमच्याकडेच जेव."