जागा आहे, मागे बस

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती तर अमावस्या घातली असती, मध्यरात्र घातली असती. इथे तसलं काही नाही. जे झालं ते दिवसाउजेडी झालं, गेल्या एप्रिल ते जुलैमध्ये, माझ्या शेजारच्या घरात. आणि तो वजनकाटा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

आत्ता हे लिहितानाही भिंतीपलीकडून योरितच्या बोलण्याचा आवाज येतोय. आफ्के मात्र शाळेत गेली आहे.

आमचं गाव हॉलंडमध्ये, फेलुवेच्या जंगलाला लागून. लग्न होऊन मी इथे आले त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून आफ्के आणि योरित हे नवरा-बायको माझे शेजारी. आफ्के शाळेत शिकवते. योरित छापखान्यात होता. छापखाना बंद पडला, आणि त्या हिवाळ्यात योरितही बंद पडला.

दिवसभर खिडकीशी बसायचा. दाढी नाही, बोलणं नाही. एरवी जंगलातल्या वाटांवर चिखल उडवत सायकल हाणणारा माणूस. ती सायकल गॅरेजमध्ये धूळ खात पडली. आफ्के माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडायची. "मी घरातून बाहेर पडते ना, तेव्हा जिवात जीव नसतो गं," म्हणायची.

मग एक दिवस त्याने जेवणाच्या टेबलावर युरोपचा नकाशा पसरला.

"कॅरव्हॅन घेऊ," तो म्हणाला. "आर्देनपासून सुरुवात. मग ब्लॅक फॉरेस्ट, मग आल्प्स. शेवटी इटली, डोंगरावरून थेट समुद्रापर्यंत उतार. तू आपली पुस्तकं वाचत बस, मी सायकल हाणतो."

त्या दिवशी त्याने दाढी केली.

पुढे आफ्केला जे जे दिसलं ते तिने नवऱ्याला का सांगितलं नाही, ते यावरून समजून घ्या. ती सहल म्हणजे त्याचा परत आलेला जीव होता. त्याला धक्का लावायची तिची छाती नव्हती.

कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, जुनी मिळाली, रिकुसकडून. रिकुस हा गावाबाहेरचा म्हातारा शेतकरी. टोमॅटो परवडेनात, तेव्हापासून तो आपल्या मोठ्या काचघरात हिवाळाभर लोकांच्या कॅरव्हॅन भाड्याने ठेवून घेतो.

"हिचा मालक गेला. मागे कुणी नाही. घेऊन जा," म्हणाला. बोलायला मोठा कंजूष माणूस.

दोघं बघायला गेली. काचघरात शांतता. टोमॅटोच्या पानांचा जुना वास. कॅरव्हॅनच्या रांगाच रांगा.

हिवाळ्यात कॅरव्हॅन ठेवताना इथले लोक सगळ्या गाद्या उचलून उभ्या करून ठेवतात, ओल धरू नये म्हणून. हे कुणाला शिकवावं लागत नाही. याही कॅरव्हॅनमध्ये गाद्या उभ्या होत्या.

एक सोडून...

पुढच्या पलंगाची गादी आडवी होती. आणि तिच्या मधोमध खळगा.

"रिकुसबुवा दुपारी इथे ताणून देत असणार," योरित हसला.

आफ्केही हसली. तिने गादीवर हात टेकला.

गादी कोमट होती.

काचघरात ऊन येतं, त्याने तापली असेल... ती स्वतःला म्हणाली. पण बाहेर आभाळ गच्च भरलेलं होतं. आणि आत एक वास होता. खारट ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांचा. इथले म्हातारे चघळतात, तसल्या.

कॅरव्हॅन घरासमोर आली, आणि भार मोजायचा कार्यक्रम झाला. कॅरव्हॅनचा जो पुढचा दांडा गाडीला जोडतात, त्याच्यावर किती वजन येतं ते आधी बघावं लागतं. ते चुकलं की कॅरव्हॅन रस्त्यावर डुलायला लागते. घाटात डुलली की आटोपलंच. त्यासाठी वेगळं यंत्र कुणी विकत घेत नाही. न्हाणीघरातला वजनकाटा आणायचा, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि ठोकळ्यावर दांडा टेकवायचा. गल्लीतले सगळे पुरुष सल्ले द्यायला हजर.

काटा पार पुढे गेला.

सामान भरलेलंच नव्हतं. योरितने तरी पेट्या काढल्या, गॅसची टाकी काढली, गाद्यासुद्धा काढल्या. काटा थोडा मागे आला, पण हिशोबात बसेना. एका माणसाएवढं वजन जास्त. किडकिडीत माणसाएवढं.

आणि तेवढ्यात...

काटा आपोआप हलला. खाली आला. परत वर गेला.

आत कुणी तरी कूस बदलावी, तसा.

वारा नव्हता. कॅरव्हॅनचं दार सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

"काटा बिघडलाय," योरित म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. पुन्हा खिडकीशी बसणाऱ्या माणसाचा चेहरा.

आफ्केने दांडा उचलायला लावला आणि ती स्वतः काट्यावर उभी राहिली. तिचं वजन तिला पाठ आहे. काट्याने तेच दाखवलं. बरोब्बर तेच.

ती खाली उतरली.

"हो," ती म्हणाली. "बिघडलाय."

रस्त्यावर कॅरव्हॅन फार दिवस उभी ठेवू देत नाहीत, म्हणून ती परत रिकुसच्या काचघरात गेली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आफ्के सायकल काढून एकटीच तिथे गेली.

"रिकुस, हिचा मालक कोण होता?"

"हार्म. बायको गेल्यावर एकटा पडला. हिवाळाभर चालत यायचा आणि हिच्यात बसायचा. गोळ्या चघळायचा. यंदा इटली, म्हणायचा. दर वर्षी तेच. सोबत कुणी मिळेना."

"मग?"

"मग काय. संध्याकाळी मी सायकलवर मागे बसवून घरी सोडायचो. मानी होता. आपणहून कधी बसला नाही. 'चल हार्म, जागा आहे, मागे बस', असं म्हटल्याशिवाय उठायचा नाही."

"आणि गेला कुठे?"

रिकुसने कॅरव्हॅनकडे हनुवटी केली. "पुढच्या गादीवर."

"हे तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत," रिकुस म्हणाला आणि निघून गेला.

आफ्के कॅरव्हॅनसमोर उभी राहिली. तिला भीती वाटत होती आणि कीवही येत होती. पण त्याहून जास्त तिला योरित दिसत होता. आल्प्सचा घाट, मागे डुलणारी कॅरव्हॅन...

"हार्म," ती म्हणाली, "ही आता आमची आहे. चल, तुला घरी सोडते. जागा आहे. मागे बस."

आमच्याकडे हे वाक्य कुणीही कुणालाही म्हणतं. रस्त्याने चालणारा ओळखीचा दिसला की म्हणायचं. विचार करून कुणी बोलत नाही.

काहीच झालं नाही. तिला स्वतःचंच हसू आलं. सायकलवर टांग मारून ती निघाली. काचघर मागे पडलं. कालव्याचं वळण आलं.

आणि मागचं चाक एकदम दबलं.

चालत्या सायकलवर मागे कुणी उडी मारून बसलं की एक हिसका बसतो. मग सायकल जराशी डुलते, मग सावरते. इथल्या माणसाला तो हिसका लहानपणापासून माहीत असतो.

हिसका बसला. सायकल डुलली. सावरली.

मागे वळून बघायचं नाही, एवढंच आफ्केने ठरवलं. पॅडल जड झालं होतं. मानेमागून ज्येष्ठमधाचा वास येत होता. समोरून सायकलवर एक बाई आली. अनोळखी. तिने रीतीप्रमाणे आफ्केकडे बघून मान हलवली.

मग आफ्केच्या मागे बघून पुन्हा एकदा हलवली...

हार्मचं घर आलं. आता तिथे दुसरं कुटुंब राहतं. अंगणात मुलं उड्या मारत होती.

"हार्म, आलं घर," ती पुटपुटली.

सायकल हलकी झाली नाही.

ती थांबली. पुन्हा म्हणाली. मुलं खेळायची थांबून तिच्याकडे बघायला लागली. हे घर आता त्याचं नव्हतं. तो उतरणार तरी कुठे?

मग ती सरळ आपल्या घरी आली. फाटकाशी ब्रेक लावला...

सायकल अचानक इतकी हलकी झाली की ती तोल जाऊन पडता पडता वाचली.

त्यानंतर कॅरव्हॅनचा भार मोजला तो तंतोतंत निघाला. योरितने आफ्केला उचलून गोल फिरवलं. तीही हसली. काटा पुसून न्हाणीघरात जागच्या जागी ठेवला. सकाळी दात घासताना तिचं लक्ष खाली गेलं.

काट्यावर कुणी नव्हतं.

काटा शून्यावर नव्हता.

किडकिडीत माणसाएवढं वजन दाखवत तो स्थिर उभा होता.

तेव्हा तिने मला सगळं सांगितलं. माझ्याच स्वयंपाकघरात, कॉफी गार होईपर्यंत.

"फेकून दे तो काटा," मी म्हटलं.

"आणि मग तो जाईल कुठे?" आफ्के म्हणाली. "तो काट्यावर आहे तोवर योरितजवळ नाही. तू झाडांना पाणी घालायला येशील ना, तेव्हा फक्त बघत जा. हात लावू नकोस. मला सांग, एवढंच."

आफ्केने शाळेतून बिनपगारी रजा घेतली आणि जूनमध्ये ती दोघं निघाली. मी रोज शेजारी जायचे. वर जिन्याच्या माथ्यावर एक मोठं नेचं आहे, न्हाणीघराच्या दारालगत. त्याला पाणी घालायचं आणि दारातूनच आत नजर टाकायची. घरात पाऊल टाकलं की आपोआप आवाज खाली यायचा माझा. कुणी झोपलेलं असावं, तसा.

आफ्केचा फोन यायचा. "काटा?"

"तिथेच आहे."

"बरं." आणि सुटकेचा श्वास.

फोटो यायचे. योरित उन्हाने रापलेला, गुडघे फुटलेले, तोंडभर हसू. हिवाळ्यातला माणूस हाच, हे सांगून पटलं नसतं. मला बरं वाटायचं. हार्म बिचारा काट्यावर बसून राहिला तर राहू दे, असंही मनात यायचं.

जुलैमध्ये एकदा मी नेच्याला पाणी घालत असताना फोन आला. हातात झारी, म्हणून मी फोन कठड्यावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"काटा?"

"तिथेच आहे."

मागून योरितने फोन ओढून घेतला. त्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"काय गं, आमचं घर सांभाळून कंटाळलीस ना? ये इकडे. उद्या मोठा उतार आहे, डोंगरापासून थेट समुद्रापर्यंत. चेष्टा नाही करत. ये. जागा आहे."

त्याचा आवाज घरभर घुमला.

मग शांत...

न्हाणीघरातून आवाज आला. टक. बारीकसा. स्प्रिंग सुटल्यावर येतो, तेवढा.

पलीकडे फोन परत आफ्केच्या हातात गेला होता.

"तू वर आहेस?" तिने विचारलं.

"हो."

"न्हाणीघराचं दार उघडं आहे?"

मी आत बघायला वळले नाही. झारी तिथेच ठेवली आणि जिना उतरून बाहेर आले. रात्रभर माझा डोळा लागला नाही.

सकाळी तिचाच फोन. "बघ ना."

मी गेले. बघितलं.

"आफ्के... शून्यावर आहे."

फोनमधून मला एक आवाज ऐकू येत होता. पॅडल न मारता सायकल सोडून दिली की मागचं चाक वाजतं, तो. टक टक टक टक... दूर दूर जात असलेला.

"योरित," ती म्हणाली. "आत्ताच निघाला. मी हाक मारली. त्याने ऐकलं नाही."

दुपारपर्यंत मी देवापुढे बसून होते. खोटं कशाला सांगू.

योरित धडधाकट खाली पोहोचला. अंगावर ओरखडाही नाही. ऑगस्टच्या आधी दोघं घरी आली. मला कॉफीला बोलावलं, सोबत इथल्या रिवाजाप्रमाणे एकच बिस्कीट. योरित त्या उताराचं वर्णन करता थकत नव्हता.

"आयुष्यात असा उतरलो नव्हतो. एका वळणावर गेलोच होतो दरीत. पण मागचं चाक जमिनीला असं चिकटलं... कुणी मागे घट्ट बसून तोल सांभाळावा, तसं."

आफ्केने कप खाली ठेवला.

"आणि वजन बघ किती उतरलंय," त्याने पट्ट्याला पाडलेलं नवं भोक दाखवलं. "थांबा, मोजूनच येतो."

तो वर पळाला. आम्ही दोघी त्याच्यामागे. मला जायचं नव्हतं, पण पाय गेले.

योरित काट्यावर उभा राहिला. गालफडं बसलेली, पँट सैल झालेली.

काटा फिरला... फिरतच राहिला... आणि शेवटच्या आकड्याला जाऊन थडकला.

"छे," योरित हसला. "हा अजून बिघडलेलाच आहे." तो उतरला. काटा निमूट शून्यावर आला. शीळ घालत तो जिना उतरला, आणि त्याच्यामागे न्हाणीघराच्या दारात ज्येष्ठमधाचा वास रेंगाळला.

आफ्के माझ्याकडे बघत होती. मग तिने चपला काढल्या आणि ती काट्यावर उभी राहिली.

मी वाकून आकडा पाहिला. तिनेही पाहिला. बरोब्बर तिचंच वजन.

खालून योरितने ओरडून विचारलं, "बिघडलाय ना?"

आफ्के काट्यावरून उतरली. चपला घातल्या.

"हो," तिने सांगितलं. "बिघडलाय."